खडकमळा हॉल्ट आणि मालनबाईची वहिवाट

मालनबाई विधाते या बाईनं उभ्या आयुष्यात रेल्वेचं तिकीट काढलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, चोरून जात असेल. छ्या! चोरून जाणारी माणसं दाराशी उभी राहतात आणि टीसी दिसला की संडासात शिरतात. मालनबाई खिडकीची जागा धरायची, पाय वर घ्यायची, झेंडूचं गाठोडं शेजारच्या बाकावर टेकवायची आणि टीसी आलाच तर त्यालाच विचारायची, "का रं बाबा, पोरीचं लगीन जमलं का?"

तिकीट का नाही, याचं तिचं उत्तर ठरलेलं होतं. "वहिवाट हाय आमची." शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या जी जायची-यायची वाट, ती वहिवाट. तिला भाडं नाही, पावती नाही. खडकमळ्याचा हॉल्ट झाला तेव्हा मालनबाईच्या सासऱ्यांच्या मळ्याची एक पट्टी त्यात गेली. सरकारनं पैसे दिले, सासऱ्यांनी घेतले. पण ते जमिनीचे. वाटेचे पैसे कोणी दिले नाहीत आणि सासऱ्यांनी मागितले नाहीत, म्हणजे वाट आपलीच राहिली. आपल्याच वाटेवर आपण पैसे मोजायचे? लोक तोंडात शेण घालतील, असं तिचं म्हणणं. जुन्या टीसींनी सुरुवातीला हुज्जत घालून पाहिली. पण मालनबाईशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता, तिथं टीसी बिचारा काय करणार. त्यांनी नाद सोडला.

हॉल्ट म्हणजे तरी काय हो! मुरमाचा एक लांबट ओटा, एक कडुनिंब, आणि पत्र्याची खोली. त्या खोलीत गोटीराम. हा रेल्वेचा नोकर नव्हे. मोठ्या स्टेशनातून तिकिटं आणायची, खिडकीतून विकायची आणि त्यावर कमिशन घ्यायचं, असा त्याचा ठेका. सकाळी एक पॅसेंजर नाशिकरोडकडे जायची, संध्याकाळी तीच परत यायची. मधल्या वेळात गोटीराम कडुनिंबाखाली शेळी बांधून झोपायचा.

बरं, मालनबाईला गाडीची गरज होती का? मुळीच नाही. तिच्या मुलाचा, दीपकचा, स्वतःचा टेम्पो होता. छोटा हत्ती म्हणतात ना, तो. सगळ्या गावाची फुलं आणि भाजी आता अशा छोट्या हत्तींतूनच नाशिकला जायची. दीपक म्हणायचा, "आई, पुढं माझ्याशेजारी बस, नाशकातल्या द्वारकेच्या सिग्नलला अडकलो तरी तुझ्या गाडीच्या आधी पोचू." सून हर्षाली म्हणायची, "आत्या, या वयात कशाला दगदग करता?" मालनबाई दोघांचं ऐकून घ्यायची आणि गाठोडं उचलून हॉल्टवर जायची.

ती जायची नवसाबाईसाठी. नवसाबाई अलीकडच्या गंगावाडी स्टेशनवर चढायची, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन. दीपक शाळेत होता तेव्हापासूनची ही ओळख. दोघींनी एकमेकींचं घर कधी पाहिलं नव्हतं, लग्नकार्याला कधी बोलावलं नव्हतं, पण मालनबाईचा नवरा गेला तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली ती याच गाडीत, नवसाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. घरी रडायला वेळच कुठं होता? पाहुणे होते, दहावा होता, पोराला सावरायचं होतं. घरात आताही तिला कोणी दुखवत नव्हतं, पण तिचं ऐकत होतं कोण? दीपक मोबाइलात, हर्षाली कामात. मालनबाईनं तोंड उघडलं की दोघंही "हां, हां" म्हणायची. नवसाबाई "हां" म्हणायची नाही. ती म्हणायची, "मग? पुढं?" या दोन शब्दांसाठी मालनबाई रोज गाडीत बसत होती. बाकी झेंडू काय, टेम्पोतही विकला गेलाच असता.

आणि एका दिवाळीनंतर खिडकीवर नोटीस लागली. हॉल्टची तिकीटविक्री फार कमी, पॅसेंजर तोट्यात, सरकारी पैसा किती दिवस घालायचा, विक्री वाढली नाही तर थांबा रद्द होईल. गोटीरामनं ती मारुतीच्या पारावर वाचून दाखवली आणि गाव खवळलं. खरं सांगायचं तर त्या गाडीत गावातलं काळं कुत्रंही बसत नव्हतं. पण बसणं वेगळं आणि असणं वेगळं! गावाला स्टेशन आहे हे सांगितल्यावर सोयरीक जमायला सोपं जातं. दत्तू पाटलांनी मांडीवर थाप मारली. "अरे, आमच्या बापानं आणलेला हॉल्ट. आम्ही जिवंत असताना बंद होतो म्हंजे काय!"

"मग तिकिटं काढा," गोटीराम म्हणाला. त्याचं कमिशन बुडत होतं, पण बोलला ते खरंच होतं.

कशी काढायची, यावर मात्र गावाला कोणी शिकवायची गरज नव्हती. कालव्याचं पाणी कसं वाटून घेतात? पाळीनं. आज याचं शेत, उद्या त्याचं. तशीच तिकिटांची पाळी ठरली. पाटाच्या तोंडापासून शेवटापर्यंत ज्या क्रमानं पाणी मिळतं, त्याच क्रमानं प्रत्येक घरानं तिकिटं काढायची. आणि पाळी म्हटल्यावर भांडणं आलीच. पाटाच्या शेवटी असलेले म्हणाले, पाण्याला आम्ही शेवटी आणि खर्चाला बरोबरीनं, हे कुठलं शास्त्र? एकानं शेजाऱ्याची पाळी चोरून त्याच्या नावावर तिकिटं काढली, कारण शेजाऱ्यानं मागं त्याचं पाणी चोरलं होतं. सूड म्हणून दुसऱ्याचं तिकीट काढायचं, असा प्रकार पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे झाला नसेल. पण पाळी चुकली नाही. ज्याची पाळी तो सकाळी मोटारसायकलवर यायचा, गोटीरामकडून तिकिटं घ्यायचा, खिशात घालायचा आणि मोटारसायकलवरून नाशिकला जायचा.

त्या तिकिटांचं करायचं काय? संक्रांतीला बायकांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून तिकिटंच वाटली. लग्नसराईत आहेराच्या पाकिटात नाशिकरोडचं जाऊन-येऊन तिकीट निघायला लागलं. एका नवरदेवानं तर रुसून सासऱ्याकडे नांदगावपर्यंतचं मागितलं.

या सगळ्यात तिकीट काढलं नाही ते एकट्या मालनबाईनं. पारावर तिला बोलावलं.

"काकू, सगळं गाव झिजतंय, आन् एकटी तुम्ही फुकट जाता," दत्तू पाटील म्हणाले. "शोभतं का हे?"

"तुम्ही तिकीट काढता, बसत नाय," मालनबाई म्हणाली. "मी बसते, काढत नाय. झालं की सारखं!"

यात कुठंतरी चुकतंय हे सगळ्यांना कळत होतं, पण कुठं ते कोणाला सापडलं नाही. शेवटी जाऊ द्या म्हणून चहा मागवला.

इकडं विक्रीचे आकडे वर गेले. इतके वर गेले की वरच्या ऑफिसातल्या कोणीतरी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. खडकमळा? हे कुठं आलं? एवढे लोक कुठं जातात तिथून? आणि एक साहेब स्वतः पॅसेंजरनं येऊन गर्दी बघणार, असा निरोप आला. गाव हरखलं. साहेबाला दाखवायला दोनशे माणूस फलाटावर उभं करायचं ठरलं, बायकांनी नऊवारी काढून ठेवल्या. आणि मग हर्षालीनं कॅलेंडर बघितलं.

साहेब येणार होते ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

आता बोला! दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूवाल्याला साक्षात देव भेटायला आला तरी तो म्हणेल, देवा, परवा या. वर्षाची कमाई त्या एका दिवसात. पारावर पुन्हा बैठक झाली, पण ती उभ्या उभ्याच, कारण टेम्पो भरायचे होते. "आपण डबल तिकिटं काढून ठेवू," दत्तू पाटील म्हणाले. "आजवर गाडी तिकिटांवर जगली, माणसांवर नाय. साहेब तिकिटंच मोजणार ना?" सगळ्यांना पटलं. घरटी दुप्पट तिकिटं निघाली, गोटीरामकडचा साठा संपला, आणि पहाटेच सगळं गाव छोट्या हत्तींत बसून नाशिकला गेलं.

साहेब आले. गाडी खडकमळ्याला थांबली. साहेबांनी दारातून फलाट पाहिला. कडुनिंब होता, शेळी होती, हात जोडून उभा असलेला गोटीराम होता. आणि झेंडूचं गाठोडं घेऊन एक म्हातारी गाडीत चढली. गाडी सुटली.

साहेब तिच्यासमोर येऊन बसले. वयानं तरुण, बोलायला गोड. "आजी, तिकीट दाखवता का?"

नवसाबाईनं आपलं तिकीट काढून दाखवलं. मालनबाई म्हणाली, "मला नाय लागत. वहिवाट हाय."

साहेबांनी टीसीकडे पाहिलं. टीसी खिडकीबाहेर बघायला लागला.

मग मालनबाईनं सासरे, मळ्याची पट्टी, जमिनीचे पैसे आणि वाटेचे न दिलेले पैसे, सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. "आजी, तिकिटातून या गाडीचं डिझेल-वीजसुद्धा निघत नाही. वरचे पैसे सरकार घालतं."

"सरकार कुठून आणतं?"

"लोकांच्या करातून."

"लोक म्हंजे आम्हीच ना? मग मी दिले की एकदा. परत कशाला मागता?"

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "बरं, ते राहू द्या. आज खडकमळ्याला एवढी तिकिटं विकली गेली. ती माणसं कुठं आहेत?"

नवसाबाईनं इथं मालनबाईच्या मांडीला असा चिमटा घेतला की काय विचारता. पण मालनबाईला खोटं बोलता यायचं नाही. बडबड्या माणसाचं तेच होतं, खोटं बोलायला मधे थांबून विचार करावा लागतो.

"छोट्या हत्तीत," ती म्हणाली.

"आणि तिकिटं कशाला काढतात मग?"

"गाडी जगावी म्हणून."

"गाडी एवढी हवी आहे, तर तिच्यात बसत का नाहीत?"

"वेळ कुठाय साहेब त्यांना? एकेक जण कामाचा माणूस हाय."

साहेबांनी मालनबाईला दंड केला नाही. नाशिकरोडला उतरताना तिचं गाठोडं स्वतः खाली घेतलं, वर दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. माणूस भला होता. पण भल्या माणसालाही डोळ्यांनी दिसलं तेच लिहावं लागतं, आणि त्यानं ते लिहिलं. प्रवासी एक, तीही विनातिकीट. दिवाळी उलटली आणि खडकमळ्याचा थांबा रद्द झाला.

गावानं मालनबाईला शिव्या घातल्या. आम्ही जगवली, हिनं मारली, असं जो तो म्हणाला. पण आठवडाभरात सगळे गप्पही झाले. पाळी गेली, खर्च वाचला, आणि गाडी थांबत नाही हे कोणाला जाणवलंच नाही, कारण थांबत होती तेव्हाही कोणी बघत नव्हतं. गोटीराम कमिशन गेलं म्हणून चार दिवस हळहळला, मग त्यानं आणखी दोन शेळ्या घेतल्या.

उघडी पडली ती एकटी मालनबाई. सवयीनं ती सकाळी ओट्यावर जाऊन उभी राहायची. गाडी धडधडत पुढून जायची आणि नवसाबाई खिडकीला तोंड लावून काहीतरी ओरडायची. एक दिवस मालनबाईला ऐकू आलं, "जाऊबाईनं...!" बाकीचं वाऱ्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी ऐकू आलं, "विहिरीत...!" मालनबाईच्या जिवाला घोर लागला. नवसाबाईच्या जाऊबाईनं विहिरीत काय? टाकलं? ढकललं? स्वतःच उडी घेतली? तिला जेवण जाईना. फोन करावा तर नवसाबाईचा फोन तिच्या सुनेच्या हातात आणि तोही स्पीकरवर. तिसऱ्या दिवशी मालगाडी मधे आली आणि काहीच ऐकू आलं नाही. त्या दिवशी मालनबाई ओट्यावर बसून पोरीबाळींसारखी रडली.

दीपकनं ते पाहिलं. आपली आई बापाच्या दहाव्यालाही अशी रडली नव्हती. त्यानं मोटारसायकल काढली, आईला मागं बसवलं आणि सरळ गंगावाडीला नवसाबाईच्या दारात नेऊन उतरवलं. रस्त्यानं हे गाव कितीसं लांब असावं? जेमतेम तीन-चार मैल.

नवसाबाईनं तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. ओसरीवर सतरंजी पडली. सुनेनं पाणी आणलं आणि तिथंच टेकली. मुलगा कौतुकानं खुर्ची घेऊन बसला. आणि भिंतीला पाठ लावून, सुपारी कातरत, साक्षात जाऊबाई बसली होती.

आली का पंचाईत! जिच्याबद्दल बोलायचं ती समोर, जिच्याबद्दल त्याखालोखाल बोलायचं ती शेजारी.

"पाऊसपाणी बरं झालं अवंदा," मालनबाई म्हणाली.

"व्हय. बरं झालं," नवसाबाई म्हणाली.

"कोथमीर काय म्हणती?"

"बरी हाय."

चहा झाला. पोहे झाले. एवढी वर्षं जिच्याशी बोलायला दिवस पुरत नव्हता, तिच्याशी आता वाक्य जुळत नव्हतं. आपली मैत्रीण आपल्याला परकी झाली, असं तिला वाटलं. तिनं कुंकू लावून घेतलं, येते म्हणाली. नवसाबाई तिला सोडायला वाटेपर्यंत आली आणि दीपकच्या देखत कुजबुजली, "उद्या सकाळी गंगावाडी स्टेशनात ये. आपली गाडी इथं थांबते अजून."

दीपकनं कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आईला, झेंडूच्या गाठोड्यासकट, नाशिकच्या नेमक्या उलट्या दिशेला नेलं. गंगावाडीच्या खिडकीवर मालनबाई घुटमळली. इथं तिची जमीन गेली नव्हती, इथं कसली वहिवाट सांगणार? परक्याच्या बांधावरून जायचं तर विचारून जायचं, एवढी रीत तिला ठाऊक होती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आयुष्यातलं पहिलं तिकीट काढलं.

तेव्हापासून रोज असंच. सकाळी मुलगा आईला मागं गंगावाडीला सोडायचा, मग घरी येऊन छोटा हत्ती भरायचा. तेवढ्यात त्याची आई गाडीत बसून त्याच्याच दारावरून पुढं जायची. लोक दीपकला म्हणायचे, "अरे, हा काय वेडेपणा!" दीपक म्हणायचा, "तुम्ही गाडीत न बसता तिकिटं काढत होता, तवा मी काय म्हणालो होतो का?"

आणि हे सगळं सुरळीत चाललं असताना खडकमळा हॉल्टला निधी आला.

हो, निधी! थांबा काढला तो एका खात्यानं. पण त्याच्या आधी वाढलेल्या विक्रीवरून दुसऱ्या खात्यात एक फाइल चढली होती, प्रवाशांची एवढी गर्दी आहे तर सोयी करा म्हणून. ती फाइल आपल्या चालीनं चालत राहिली आणि मंजूर झाली. दोन्ही खाती एकाच इमारतीत आहेत म्हणे, पण जिने वेगळे. इंजिनिअर आला, फीत लावून मोजायला लागला. गोटीराम म्हणाला, "साहेब, इथं गाडी थांबत नाय."

"गाडी आमच्याकडे येत नाही," इंजिनिअर म्हणाला. "आमच्याकडे फक्त फलाट. आणि मार्चच्या आत खर्च झाला नाही तर पैसे परत जातील."

पैसे परत जाऊ देणारं गाव हे नव्हे. उंच फलाट झाला, वर निळी शेड आली, गार पाण्याचे नळ, बायका-पुरुषांची वेगळी स्वच्छतागृहं, घड्याळ, आणि वजनकाटा. असा देखणा हॉल्ट नाशिक जिल्ह्यात नव्हता. आता त्या फलाटाचा गावाला खरा उपयोग व्हायला लागला. कांदा वाळत पडला, साखरपुडे ठरले. चैत्रात उद्‌घाटन झालं. पुढारी आले, बँड आला, दत्तू पाटलांनी फेटा बांधला. हार अर्थातच दीपकच्या मळ्यातले होते.

मुहूर्त नेमका सकाळच्या गाडीचा काढला होता. निदान गाडीच्या साक्षीनं फीत कापावी, कोण जाणे ड्रायव्हरला दया येऊन थांबेलही, अशी गोटीरामची आशा. लांबून शिट्टी झाली. बँडवाल्यांनी जोर लावला. सगळं गाव, हर्षाली आणि दीपकसुद्धा, हात वर करून फलाटाच्या कडेला सरसावलं. सगळ्यांना ठाऊक होतं की या गाडीत खडकमळ्याचं एकच माणूस आहे, आणि आज एवढा निळा फलाट बघून ते माणूस खिडकीतून हात हलवणार.

गाडी आली. खिडकीत मालनबाईच होती, पण फलाटाकडे पाठ करून. पाय वर घेतलेले, पदर सुटलेला, एक हात नवसाबाईच्या गुडघ्यावर.

"मिक्सर?" ती ओरडत होती. "जाऊबाईनं आता मिक्सरपण विहिरीत टाकला? चालता?"

"चालता कसला गं, वायर तुटंल की! नवा होता पण. तिच्याच माहेरचा," नवसाबाई म्हणाली आणि जरा थांबली. "अगं, बँड कसला वाजतोय बाहेर?"

"असंल कोणाचं लगीन," मालनबाई म्हणाली. "मग? पुढं?"